लीली चा, फुदीनो, आले

७ सप्टेंबर, रविवार

निवृत्तांच्या संघटनेने जानेवारीत वाटलेली ही डायरी इतके दिवस टीव्हीशेजारी पेल्याखाली ठेवायला कामी येत होती. आज लिहायला घेतली. मनातलं बोलायला घरात माणूस नाही, आणि बाहेर बोललं तर आमची हरणीची सोसायटी ते संध्याकाळच्या आत विमानतळापर्यंत पोचवते.

तर नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी, की माझ्या मुलीने बडोद्यात पब काढला आहे.

गुजरातेत दारूबंदी, म्हणून या पबात दारू नाही. मग पबात आहे काय, असं मी अवंतीला विचारलं, तर म्हणाली, "बाकी सगळं आहे ने, बाबा!" अलकापुरीतल्या एका बंगल्याचा तळमजला घेतला आहे. मंद दिवे, उंच स्टुलं, उंच पेले आणि भातुकलीतल्यासारख्या लहान बशा. एकेका बशीत चीन, जपान, थायलंड आणि बडोदा एकत्र नांदतात. शेवउसळ ती बाओ नावाच्या पांढऱ्या लुसलुशीत पावात भरते. खिचूवर, म्हणजे तांदळाच्या उकडीवर, लाल मिरचीचं तेल आणि काळे तीळ घालते. अळूवडीबरोबर शेंगदाण्याची थाई चटणी देते. चवीला वाईट नाही, हे मी तिच्या तोंडावरही बोललो आहे.

नाव ठेवलंय 'ओटलो', म्हणजे गुजरातीत घरापुढचा बसायचा कट्टा. मी म्हटलं, ओटा म्हण, आपण मराठी माणसं. तर म्हणते, "ओट्यावर स्वयंपाक होतो, बाबा. ओटल्यावर गप्पा होतात."

सिंगापूरच्या मोठ्या हॉटेलात शेफ होती ती. माझी बायको लीला गेली तेव्हा आली, दिवस झाले की परत गेली, आणि पुढच्या वर्षी बाडबिस्तरा गुंडाळून आली ती आलीच. राहते माझ्याच घरी, पण सकाळी जाते ती मध्यरात्री परतते. का आलीस विचारलं, तर "कंटाळा आला". आमच्या वेळी कंटाळा रविवारी यायचा, सोमवारी रिफायनरीची बस यायची.

आणखी एक गंमत. तिची जीभ बहुधा गेली आहे. रोज संध्याकाळी रिक्षा पाठवते, "बाबा, जरा चव बघायला या." जावं तर चार-पाच बशा पुढ्यात. मीठ बघा, आंबट बघा, हे गरम खा, ते गार होतंय. चव बघता बघता पोट भरतं आणि घरी येऊन पोळीभाजी करायची राहून जाते. इतकी वर्षं परदेशात शेफ असलेल्या मुलीला मीठ कळू नये, याचं आश्चर्य वाटतं. कोपऱ्यातली एकच खुर्ची हातांची आणि पाठीला उशी असलेली आहे, आणि ती नेमकी रोज रिकामी मिळते. पबाचं कसं चाललंय ते यावरून ओळखावं.

१० सप्टेंबर, बुधवार

कसं चाललंय ते आज नीट पाहिलं. खाणं लोकांना आवडतं. अडतं ते पिण्यापाशी. अवंतीच्या मते पब म्हणजे आधी पेला आणि मग बशी. तिने चिंच, कोकम, जांभूळ, मिरी, काय काय घालून बिनदारूची कॉकटेल केली आहेत. पलीकडच्या टेबलावर एक बाई घोट घेऊन नवऱ्याला म्हणाली, "आ तो सरबत ज छे ने!" नवरा म्हणाला, "घरे आथी सारुं बने," म्हणजे घरी याहून बरं होतं. अवंती काउंटरमागे उभी होती. तिने ऐकलं आणि लिंबू कापायला खाली मान घातली.

मला त्या बाईचा राग आला. पण खरं लिहायचं तर सरबतच होतं ते.

उन्मेष, तिचा कॉलेजातला मित्र, काउंटर सांभाळतो. तो म्हणाला, "काका, याला नाक नाहीये. पेला ओठाशी नेला की आधी नाकात काहीतरी शिरायला पाहिजे. दारू ते काम करते. आपल्याकडे ते कोण करणार?" मुंबईहून थाई गवती चहाच्या जुड्या मागवतात, त्या येईपर्यंत पेंढा होऊन येतात.

गवती चहाचं नाव निघालं तेव्हा अवंतीने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही विषय बदलला.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

लीलेच्या नावाने सवाष्ण जेवायला घातली. शेजारच्या नलिनीताई दरवर्षी येतात. त्यांचे यजमान विश्वासराव त्यांना सोडायला फाटकापर्यंत येतात आणि आशाळभूतपणे तिथेच घोटाळतात, मग त्यांनाही वाढावं लागतं. अवंतीने सकाळीच उठून सगळा स्वयंपाक केला. पुरण लीलेसारखं झालं होतं. मी तसं म्हणालो नाही, दोनदा घेतलं.

जेवण झाल्यावर नलिनीताई मागच्या अंगणात गेल्या आणि ओरडल्याच, "अहो दत्तोपंत, काय ही दशा! हा गवती चहा कापत का नाही? कंबरेएवढा वाढलाय, आत सगळा वाळलाय. कापला नाही तर मरेल ने तो!" मी म्हटलं, असू दे. त्या म्हणाल्या, "लीलाताई असत्या तर—" मी म्हटलं, नाहीयेत ना. अवंती भांडी घासत होती, तिने नळ मोठा सोडला.

चहाला लीला त्याची दोन पाती घ्यायची. शेवटची पाती तिनेच तोडलेली. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. मी लावू दिलेला नाही, असं म्हणा.

त्या ठोंबाची गोष्ट लिहून ठेवतो. लग्न होऊन लीला वाईहून बडोद्याला आली, तेव्हा आम्ही बाजव्याला दोन खोल्यांत राहत होतो. गुजराती तिला ओ की ठो येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी रात्रपाळी करून झोपलेलो, ती घाबरीघुबरी उठवायला आली. "अहो, बाहेर कुणीतरी माझं माहेरचं नाव घेऊन हाका मारतंय! चहाला बोलावतंय!" माहेरी तिला लिली म्हणत. मी कान दिला. गल्लीत टोपलीवाला ओरडत होता, "लीली चाऽऽ, फुदीनोऽऽ!" गुजरातीत गवती चहाला लीली चा म्हणतात, हे तिला काय ठाऊक. मी समजावेपर्यंत ती "आले, आले!" करत ओढणीसारखा पदर घेऊन धावलीसुद्धा. हाक मारणाऱ्याला ताटकळत ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. पुढे अर्थ कळला, तरी तोच खेळ रोज सकाळी चालला. तो म्हणणार "लीली चा", ही आतून "आले, आले!"

पुढे त्यानेच एक मुळासकटचा ठोंब दिला. तेलाच्या डब्यात लावलेला तो ठोंब बाजव्याहून कारेलीबागेत आला, कारेलीबागेतून हरणीला. माणसांपेक्षा त्याचीच बदली जास्त वेळा झाली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नलिनीताई सोमवारची बाचाबाची मनात न ठेवता ढोकळा घेऊन आल्या. जाता जाता म्हणाल्या, "पोर तुमच्यासाठी परत आलीये हो, एवढं कसं कळत नाही?" काहीतरीच. अवंती कंटाळून आली आहे, तिनेच सांगितलं. नलिनीताई मालिका फार बघतात.

२४ सप्टेंबर, बुधवार

नवरात्र. सगळं बडोदं गरब्याला. ओटलोत संध्याकाळी मी, उन्मेष आणि दोन टेबलं.

अवंती माझ्यासमोर बसली आणि सरळ म्हणाली, "बाबा, सिंगापूरहून फोन आला होता. जुनीच नोकरी, वरची जागा. लाभपाचमेपर्यंत कळवायचंय." दिवाळीत इथली दुकानं बंद होतात ती लाभपाचमेला मुहूर्त करून उघडतात. ज्याला चालवायचं नसतं, तो त्या दिवशी उघडत नाही. सगळ्या गावाला न सांगता समजतं.

मी म्हटलं, "वा! छान झालं की."

ती म्हणाली, "तुम्हीही या ने माझ्याबरोबर." मी म्हटलं, माझं काय तिथे, लिफ्टमध्ये चढायचं आणि उतरायचं. ती हसली. मग पेल्यातला बर्फ ढवळू लागली. "जाऊ का मग?" असं तिने विचारलं तेव्हा मी चटकन "अगं, विचारायचं काय त्यात" म्हणून मोकळा झालो. बापाने मुलीच्या पायात बेडी घालू नये.

घरी आलो. बरोबर बोललो असंच वाटतंय. फक्त घर आज जरा मोठं वाटतंय. ती जाऊ नये, असं मला वाटतं. हे इथे लिहिलं, बस झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं द्यायला पिलाजीराव आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. यांचे पणजोबा सरकारवाड्यात कारभारी होते, आणि पाण्याच्या टाकीची नोटीससुद्धा ते फर्मानासारखी काढतात. मुलीच्या पबावरून त्यांनी मला "काळजी घ्या हो" म्हटलं. दारू मिळत नाही असं सांगितलं, तर डोळे मिचकावून म्हणाले, "ते तर सगळेच सांगतात."

ते गेल्यावर मागे गेलो. ठोंब बाजूला करून पाहिला. नलिनीताईंचं खरं आहे. बाहेरून हिरवा, आत नुसतं काड. मी जपतोय म्हणून तो मरतोय.

आयुष्यभर डिस्टिलेशन युनिटवर काम केलं. कच्च्या तेलातून काय काय वेगळं काढलं. उन्मेष नाकाबद्दल बोलला तेव्हाच डोक्यात आलं होतं, मीच झटकून टाकलं होतं. वासच तर काढायचा आहे, त्यात काय मोठं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस विसरायचा म्हटलं तरी सोसायटी विसरू देणार नाही.

सकाळी विळा घेतला आणि कापला. पहिली पाती तुटली. मग वास आला. सबंध अंगणभर, बाजव्याच्या खोलीतला, सकाळचा, तिच्या बोटांचा वास. तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. लीला गेली तेव्हा लोकांची ये-जा होती, धड रडता आलं नव्हतं.

मग कामाला लागलो. मोठा कुकर, शिट्टी काढलेली. आत पाणी, जाळीवर चिरलेली पाती. एसीवाल्याकडून आणलेली तांब्याची नळी शिट्टीच्या जागी बसवली, कणकेने फटी बुजवल्या, नळीची वेटोळी बर्फाच्या बादलीतून काढून खाली बाटली लावली. स्वयंपाकघर लहान म्हणून सगळं मागच्या अंगणात, शेगडीवर. थेंब पडायला लागला तेव्हा इतका आनंद झाला, की शिफ्ट इनचार्जला फोन करावासा वाटला. तोही आता नाही.

कुंपणापलीकडून पिलाजीराव बघत होते. कुकर, तांब्याची नळी, बादली, बाटली आणि ज्याची पोर पब चालवते तो म्हातारा. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. अर्ध्या तासात फाटकाशी पिलाजीराव, कमिटीचे दोघे आणि चौकीवरचा हवालदार. मागे विश्वासराव, बातमीसाठी.

"दत्तोपंत," पिलाजीराव कळवळून म्हणाले, "या वयात हातभट्टी?"

मी म्हटलं, "अर्क आहे."

"अर्क!" ते हवालदाराकडे वळले. "सायेब, पोते ज कबूल करे छे!" म्हणजे मी स्वतःच कबूल केलं म्हणे.

हवालदार तरुण होता. त्याने टोपी काखेत धरली, बाटली उचलली, नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग बोट ओलं करून जिभेला लावलं. आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "अरे काका, आ तो लीली चा!"

मी शप्पथ सांगतो, मी घराच्या दाराकडे वळून पाहिलं. आतून "आले, आले" ऐकू येईल असं वाटलं, क्षणभर.

विश्वासराव मोठ्याने हसले. हवालदाराने थोडा अर्क आईच्या सांधेदुखीसाठी मागून घेतला. पिलाजीराव "शंका आली की खात्री करून घ्यावी लागते" असं पुटपुटत गेले. मी त्यांनाही एक बाटली दिली. घेतली त्यांनी.

५ ऑक्टोबर, रविवार

बाटली अवंतीपुढे ठेवली. काही सांगितलं नाही. तिने झाकण काढलं आणि डोळे मिटले.

"कापलात?" एवढंच विचारलं.

"मरत होता," मी म्हटलं.

मग ती आणि उन्मेष कामाला लागले. बर्फ, सोडा, थोडं लिंबू, फुदिना, वर अर्काचे थेंब. पेला ओठाशी नेला की आधी नाकात हिरवंगार काहीतरी शिरतं. उन्मेषने टेबलावर थाप मारली. पण अवंती मान हलवत राहिली. "आईच्या चहासारखं वाटतं, पण काहीतरी राहिलंय. बाबा, आई अजून काय घालायची?"

म्हटलं, "आलं. टोपलीवाला फुकट द्यायचा ते."

"फुकट? का?"

ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती, याचं मलाच नवल वाटलं. लीलेच्या 'लीली चा'ची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण तिचा दुसरा अर्धा भाग आमच्या दोघांतच राहिला होता. लीला "आले, आले!" करत धावायची, आणि तो टोपलीवाला बिचारा समजायचा की बाई आले मागतेय. दांडिया बाजारातल्या मराठी गिऱ्हाइकांकडून तो शब्द त्याच्या कानावर पडलेला. दर वेळी जुडीबरोबर आल्याचा एक तुकडा टाकायचा. लीलेला वाटायचं, इकडे रीतच आहे. तिने नको कसं म्हणायचं म्हणून ते चहात घातलं आणि मग तशीच सवय लागली. त्याने तिची हाक मारलीच नव्हती आणि तिने आलं मागितलंच नव्हतं, आणि आमच्या घरचा चहा असा तयार झाला. वर्षभराने दोघांना उलगडा झाला, तेव्हा तो टोपली खाली ठेवून हसला होता. तरी तुकडा देणं त्याने सोडलं नाही.

अवंती हसायला लागली, हसता हसता तिने एप्रनने डोळे पुसले. मग आलं किसायला घेतलं. आता सरबत नव्हतं ते.

"नाव काय द्यायचं?" उन्मेषने विचारलं. मी आणि अवंती एकदमच बोललो.

१२ ऑक्टोबर, रविवार

गर्दी. हातांची खुर्ची तरीही रिकामी होती. 'सरबत ज छे' वाली बाई पुन्हा आली. तिने लीली चा दोनदा मागवली आणि आत काय घालता म्हणून उन्मेषला छळलं.

मी ठोंब खणून काढला. वाळलेलं फेकलं, जिवंत फुटवे वेगळे केले आणि कुंड्यांत लावले. अवंती पुढचं काही बोलत नाही. मीही विचारत नाही. विचारलं आणि तिने सांगितलं, तर?

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

बडोद्याचं नवं वर्ष. सकाळपासून "साल मुबारक". पाडव्याला लीला ओवाळायची. यंदा ताट कपाटातून काढलंच नाही.

ओटलो बंद आहे. अवंती सकाळी फोनवर इंग्रजीत बोलत होती. दार लावून घेतलं होतं, तरी एक वाक्य कानावर आलं, की माझे वडील आता नीट जेवतात. सिंगापूरच्या हॉटेलवाल्यांना माझ्या जेवणाशी काय करायचंय, कळलं नाही. बहुधा मला मागे एकटं ठेवता येईल असं सांगत असावी. बरोबरच आहे. जेवतो मी.

२६ ऑक्टोबर, रविवार. लाभपाचम

सकाळी अवंती काही न बोलता बाहेर पडली होती. नऊ वाजता रिक्षात दोन कुंड्या घातल्या आणि अलकापुरीला निघालो. फुटव्यांना नवी पाती आली आहेत. बंद असेल तर कुंड्या दाराशी ठेवून परत यायचं, असं ठरवलं होतं. आणि उघडं असेल तर मी तिला सांगणार होतो, की त्या दिवशी "छान झालं" म्हणालो ते खोटं होतं, तू जाऊ नकोस.

बंगल्याच्या वळणापर्यंत मी रिक्षाच्या बाहेर पाहिलंच नाही.

दाराला आसोपालवाचं तोरण होतं. उंबऱ्याशी रांगोळी, शुभ आणि लाभ, लाभचा भ लीलेसारखाच वाकडा. आत माणसं. उन्मेष काउंटरवरून ओरडत होता, "बे लीली चाऽऽ!"

आणि आतल्या स्वयंपाकघरातून आवाज आला, "आले, आले!"

कुंड्या तशाच खाली ठेवल्या. काउंटरवरच्या टोपलीतला आल्याचा एक तुकडा उचलला आणि आत गेलो. अवंती कढईवर होती, कपाळाला पीठ लागलेलं. मी तुकडा तिच्यापुढे धरला. बोलायचं ठरवलेलं राहूनच गेलं.

तिने तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आलं नाही मागितलं, बाबा," ती म्हणाली. "मी आले म्हटलं."

तुकडा मात्र तिने घेतला.